तांडा: एका शब्दाचा प्रवास

वऱ्हाडातून मुंबई किती दूर? प्रश्न भूगोलाचा वाटतो. आमच्या मते तो इतिहासाचाही आहे. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. सरळ रेषेत हे अंतर सुमारे ५४० किलोमीटर. विमान ते दोन तासांच्या आत कापते. योगायोग असा की मुंबई-ठाणे आगगाडी प्रथम धावली तीही १६ एप्रिललाच, १८५३ साली.

या दोन्ही गतींच्या आधीची एक गती होती. तिचा विचार करताना वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवीची आठवण अपरिहार्य ठरते. संत सेवालाल महाराजांच्या समाधीचे हे स्थान बंजारा समाजाचे श्रद्धाकेंद्र आहे. या समाजाने शतकानुशतके बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर पोहोचवले. 'लमाण' हा शब्द 'लवण' म्हणजे मीठ यावरून आला, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. १६३२ मध्ये पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला उत्तर हिंदुस्थानात १४,००० बैलांचा तांडा भेटला. बायकामुलांसह चाललेला हा तांडा दिवसाला सहा-सात मैलांहून अधिक मजल मारत नसे, असे तो नोंदवतो. त्या चालीने वरचे ५४० किलोमीटर, घाट आणि वळणे न मोजताही, पन्नास दिवसांचे होतात.

पण हे पन्नास दिवस वाया गेलेले नव्हेत. बैल वाटेत चरत, वाटेतच मुले जन्मत, लग्ने लागत. विमानातल्या प्रवाशाला वाटेतला वेळ कमी करायचा असतो. तांड्याचा संसारच वाटेवर होता.

१८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरला पोहोचला. वऱ्हाडचा कापूस आणि किनाऱ्यावरचे मीठ वाघिणींतून जाऊ लागले, बैलाची पाठ रिकामी झाली. पाठोपाठ १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. भटकणे हाच संशयाचा विषय ठरला आणि पुढे ठिकठिकाणचे बंजारा गटही त्याच्या कक्षेत ओढले गेले. हा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले.

या साऱ्याची खूण भाषेत उरली आहे. 'तांडा' म्हणजे एकेकाळी चालणारा समूह. आज त्याचा अर्थ गावाबाहेरची स्थिर वस्ती, टपालाच्या पत्त्यातला एक शब्द. आत्माराम राठोड यांच्या आत्मकथनाचे शीर्षक 'तांडा' आहे, ते वाचताना हे दोन्ही अर्थ मनाशी धरावे लागतात.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवीत बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. स्मृतीला घर मिळाले, हे चांगलेच. मात्र दळणवळणाचा इतिहास शिकवताना आपण अजूनही आगगाडीपासून आरंभ करतो. त्याआधी ज्यांच्या पावलांनी हा देश जोडला गेला, त्यांचे पन्नास दिवस त्या इतिहासाच्या पहिल्या पानावर यायला हवेत.