मनीऑर्डर ते कलमांची बाग

रत्नागिरी हा 'मनीऑर्डरीवर जगणारा जिल्हा' का झाला? उत्तर म्हणून बहुधा कातळाकडे बोट दाखवले जाते. ते अपुरे आहे. खोतीत कुळाला भातपिकाचा अर्धेल, म्हणजे निम्मा वाटा, खोताला द्यावा लागे. शिवाय वेठ होतीच. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती निर्मूलनाचे विधेयक मांडले. कायदा झाला १९४९ मध्ये. तोवर कुळांची पोरे मुंबईच्या गिरण्यांत रुळली होती. मागे राहिलेल्या बायकांनी लावणी-कापणी सांभाळली.

१९८२ च्या संपानंतर गिरण्यांचा आधार तुटला. १९९० पासून राज्याने रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली. शेतकऱ्याने आपल्याच जमिनीत कलमे लावायची. खड्डे खणण्याच्या मजुरीला व रोपांना सरकारी अनुदान. जिथे पूर्वी नाचणी-वरी पिके, त्या वरकस उतारांवर आंबा-काजू उभे राहिले.

पण बाग त्याचीच, ज्याच्या नावावर सातबारा. शिवाय आंब्याचे काम हंगामापुरते. म्हणून बागा वाढूनही तरुण मुंबईला जातच राहिले. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. आज बागांच्या राखणीला आणि तोडणीला नेपाळहून गडी येतात.

म्हणजे शेतीने रोजगार निर्माण केला. तो गावातल्या माणसाला धरून ठेवणारा मात्र झाला नाही. जमिनीची मालकी आणि बारमाही मजुरी यांचा विचार केल्याशिवाय नुसत्या लागवडीचे हेक्टर मोजून कोकणाच्या विकासाचा हिशेब पुरा होणार नाही.