एक कप चहा आणि दोन वर्षांचा विटाळ

धर्म माणसाच्या नेमका कुठल्या अवयवात राहतो, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी उगाच अवघड करून ठेवला आहे. आमच्या आजीने तो केव्हाच सोडवला होता. धर्म पोटात राहतो! तिच्या लेखी पाव खाणारा तो किरिस्ताव आणि न खाणारा तो आपला. वसईकडे पोर्तुगिजांनी विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवली, ही गोष्ट ती इतक्या तपशिलाने सांगे, की त्या वेळी ही काठावर कळशी घेऊन उभी होती की काय, असं वाटावं. विहिरीत पाव पडला तर फार तर पाणी नासेल, माणूस ख्रिस्ती कसा होईल, हे विचारायची आमची छाती नव्हती.

बरं, ख्रिस्ती धर्माला विचाराल, तर त्याचं मत बरोबर उलटं. माणूस विटाळतो तो तोंडात घातलेल्या घासाने नव्हे, तर मनातून तोंडावाटे बाहेर पडणाऱ्या वाईटाने, अशा अर्थाचं येशूचं वचन मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. आता ही दोन मतं एकाच टेबलाशी बसली तर काय व्हायचं? तेच १८९० साली पुण्यात झालं.

त्या वर्षी ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान ठरलं. मंडळी जमवणारे गृहस्थ गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे यजमान. स्वस्थ बसणं हे त्यांच्या पत्रिकेतच नव्हतं. रानडे, टिळक, गोखले अशी बडी बडी माणसं आली. व्याख्यान संपलं आणि मिशनच्या मंडळींनी चहा-बिस्किटं पुढे केली. घरी आलेल्या पाहुण्याला कोरडं पाठवू नये, हा साधा शिष्टाचार. मिशनऱ्यांना धर्मप्रसार नको होता असं मुळीच नाही. त्यासाठीच तर ते बोटीत बसले होते! पण बाप्तिस्म्याला साधं पाणी लागतं. त्यात दूध, साखर आणि चहाची पूड घालण्याचा विधी त्यांच्याही पोथीत नव्हता.

कोणी चहा प्याले, कोणी नुसता कप हातात धरला, कोणी तोही नाकारला. पुढे गोपाळरावांच्या कृपेने ही नावं 'पुणे वैभव' पत्रात झळकली आणि पेठापेठांतून एकच गदारोळ उठला. प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली.

आज हसू येतं, पण त्या काळी बहिष्कार ही हसण्याची गोष्ट नव्हती. श्राद्धाला भटजी मिळायचा नाही, मुंज अडायची, पोरीचं लग्न अडायचं. चहा एकाने प्यायचा आणि घोट सगळ्या घराने गिळायचा! टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी मित्रांची कोंडी पाहून १८९२ साली प्रायश्चित्त घेतलं, तर उलट सुधारकच त्यांच्यावर उखडले. म्हणजे चहा घेतला म्हणून सनातनी नाराज आणि चहा धुऊन काढला म्हणून सुधारक नाराज!

या सगळ्या वादात भर होता तो कोण किती प्यालं, यावर. देणाऱ्याच्या मनात काय होतं, याला काडीची किंमत नव्हती. अर्थात दोष एकट्या पेठांचाही नाही. ज्या गावात आपण राहतो, तिथे परक्याच्या हातच्या कपाला काय अर्थ आहे, हे मिशनच्या मंडळींनाही ठाऊक असायला हवं होतं. हेतू कितीही स्वच्छ असो, तो कपाबरोबर बशीत घालून देता येत नाही.

हे ज्यांना फार महागात पडलं, ते दुसरे टिळक, म्हणजे कवी नारायण वामन. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपण देव शोधला, मराठीपण कुठे सोडलं, ही त्यांची भावना. पुढे त्यांनी ख्रिस्ताला अभंगात बसवलं, कीर्तनात उभं केलं. पण घरच्यांच्या दृष्टीने आपला माणूस गेला तो गेलाच. लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. मग हळूहळू एकेक सोवळं गळत गेलं, आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचताना हसता हसता डोळ्यांत पाणी का येतं, तर एकाच घरातल्या दोन माणसांना एकमेकांचा अर्थ लागायला इतकी वर्षं गेली म्हणून.

आता पुण्यात कोपऱ्याकोपऱ्यावर अमृततुल्य आहे आणि कप कोणी विसळला, हे कोणी विचारत नाही. चहाचा विटाळ गेला. संशयाचा तेवढा अजून पुरता गेलेला नाही. एखादी सिस्टर रोग्याच्या उशाशी चार घटका जास्त बसली, की कोणाच्या तरी भुवया वर चढतातच. अशा वेळी मला वाटतं, तर्क लढवण्यापेक्षा त्या बाईंनाच सरळ विचारावं, "का हो बसलात?" कदाचित उत्तर एवढंच मिळेल, की रोग्याला झोप येत नव्हती.