लिन्यारिशचा पूल



ज्या वाटेने मी अनेक वर्षे या शाळेत आलो, तिच्याविषयीच आज बोलावे असे मी योजिले आहे. पणजीहून रायबंदरकडे जाणारा हा रस्ता वस्तुतः पूल आहे, हे बालपणी मला ठाऊकच नव्हते. बसच्या खिडकीतून पाणी, खारफुटी आणि मिठागरे दिसत. कमानी कशा दिसणार? आपण त्यांच्या पाठीवर असतो. पुढे एकदा ओहोटीच्या वेळी मिठागराच्या बांधावर उतरलो, तेव्हा चिऱ्याच्या त्या ठेंगण्या कमानी प्रथम पाहिल्या.

लिन्यारिशचे काउंट मिगेल द नोरोन्या हे व्हाइसरॉय असताना, १६३३-३४ मध्ये, सुमारे ३.२ किलोमीटर लांबीचे हे काम झाले. राजधानी तेव्हा जुन्या गोव्यात होती आणि पणजी हे माडांनी व दलदलीने वेढलेले गाव होते. राजधानीचा मान तिला १८४३ साली मिळाला. वाट मात्र दोनशे वर्षे आधीच सिद्ध होती! पुलाला नाव काउंटाचे लाभले. चिरे घडविणाऱ्यांच्या नावाचा पूल कोठे नाही.

चिरा खाणीतून निघताना मऊ असतो, वारा लागला की कठीण होतो. ताण त्याला सोसवत नाही, दाब सोसवतो. आणि कमानीतला प्रत्येक दगड शेजाऱ्यावर रेलून दाबाखालीच राहतो. खाऱ्या हवेत गंजायला तेथे लोखंड नाही. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरील नेहरू पूल कोसळला, तेव्हा त्याने पुरती दोन दशकेही पाहिली नव्हती. त्या दिवसांत फेरीबोटीची वाट पाहताना मला या म्हाताऱ्या पुलाची वारंवार आठवण होई.

नुसता भरीव बांध घालणे अधिक सोपे होते. परंतु मांडवीची भरती दिवसातून दोनदा आत येते व परतते. तिला वाट हवी, मिठागरांना तिचे पाणी हवे. ती वाट म्हणजे या कमानी. अलीकडे या रस्त्याची चर्चा होते ती डांबराची आणि रुंदीची. कमानींच्या मुखाशी साचणाऱ्या गाळाविषयी कोणी क्वचितच बोलतो. गाळ काढला नाही, तर पूल उभा राहील, पण पाणी अडेल.

शाळेच्या मुलांना एकदा ओहोटीला तेथे न्यावे, अशी माझी गुरुजनांना विनंती आहे. पावसाळा मात्र टाळावा. बांधावरचा चिखल गुडघ्यापर्यंत येतो.