चालती गाडी मध्येच बंद पडते आणि प्रत्येक मिस्त्री वेगळंच सांगतो? पार्ट बदलण्याआधी हे वाचा

गाडी चांगली चालत असते आणि अचानक बंद पडते. थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालू होते. गॅरेजला नेली तर एक मिस्त्री म्हणतो पंप गेला, दुसरा म्हणतो सेन्सर, तिसरा म्हणतो वायरिंग. तिघांचं ऐकून तिन्ही पार्ट बदलले तरी गाडी पुन्हा घाटात बंद पडते. यात मिस्त्री फसवतोच असं नाही. गॅरेजमध्ये गाडी नीट चालते, दोष दिसत नाही, मग अंदाजावर काम होतं. हा अंदाज कमी करणं गाडीमालकाच्या हातात आहे.

आधी नोंद करा

गाडी बंद पडली की मोबाईलमध्ये लिहून ठेवा: इंजिन गरम होतं की थंड, गाडी उभी होती की चढावर, बंद पडण्याआधी झटके दिले का, डॅशबोर्डवर कोणता दिवा लागला, टाकीत किती तेल होतं, किती मिनिटांनी पुन्हा चालू झाली. डॅशबोर्डचा व्हिडिओ काढला तर उत्तम.

लक्षणावरून अंदाज

- गरम झाल्यावर झटका न देता बंद, थंड झाल्यावर चालू: क्रँक सेन्सर किंवा फ्युएल पंप.
- चढावर किंवा वेग घेताना झटके देऊन बंद: फ्युएल फिल्टर चोक किंवा पंप कमजोर.
- ब्रेक मारून थांबल्यावर किंवा सिग्नलला बंद: थ्रॉटल बॉडीत कार्बन किंवा कुठेतरी हवा ओढली जाते.
- दिवे, डॅशबोर्ड सगळं एकदम बंद: बॅटरीचं टर्मिनल, अर्थिंग किंवा चावीचा स्विच.
- बॅटरीचा लाल दिवा लागून, लाईट मंद होत बंद: अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट.
- डिझेल गाडी: वरच्यासोबत फिल्टरमध्ये पाणी किंवा डिझेल लाईनमध्ये हवाही तपासा.
- सीएनजी गाडी: काही दिवस फक्त पेट्रोलवर चालवून बघा. पेट्रोलवर बंद पडत नसेल तर दोष बहुधा गॅसच्या बाजूला आहे.

तेल भरल्यावर लगेच त्रास सुरू झाला तर पंपाची पावती जपून ठेवा आणि तेलात पाणी आहे का ते आधी बघा.

दोन मिस्त्री, दोन मतं: निकाल कसा लावायचा?

वाद मताने नाही, मोजमापाने मिटतो. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा, "हे कशावरून सांगताय? तपासून दाखवा."

पंप की सेन्सर हा नेहमीचा वाद. गाडी बंद असताना, म्हणजे दोष असतानाच, सेल्फ मारा आणि स्कॅनरवर आरपीएम बघा. इंजिन फिरतंय पण आरपीएम शून्यच दाखवतंय, तर संशय क्रँक सेन्सरवर किंवा त्याच्या वायरवर. आरपीएम दिसतोय, तर गेज लावून तेलाचं प्रेशर मोजा. प्रेशर कमी असेल तर पंप, फिल्टर, रिले आणि त्यांची वायर तपासा. पंपाला करंटच पोचत नसेल तर नवा पंप टाकूनही उपयोग नाही.

बॅटरीसाठी साधा मल्टीमीटर पुरतो. गाडी बंद असताना साधारण १२.५ व्होल्ट आणि चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.५ ते १४.५ व्होल्ट हवेत.

स्कॅनरच्या कोडबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. पी-०३३५ सारखा कोड क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड आहे एवढंच सांगतो, सेन्सर बदला असं सांगत नाही. तुटकी वायर, गंजलेला कनेक्टर यानेही तोच कोड येतो. पावसाळ्यात आणि उंदरांनी वायर कुरतडल्यावर हे हमखास होतं. कोड पुसण्याआधी फोटो काढा.

पैसे वाचवायचे तर

- स्वस्तातून सुरुवात करा: टर्मिनल, फ्युज, रिले, फिल्टर, कनेक्टर.
- एका वेळी एकच पार्ट बदला, नाहीतर दोष कशाने गेला ते कळत नाही.
- काढलेला जुना पार्ट परत मागा. पक्कं बिल घ्या, त्यावर पार्टचं नाव आणि वॉरंटी लिहून घ्या.
- टाकी कायम रिझर्व्हवर ठेवू नका. टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो.

पैसे घेऊन काम नीट केलं नाही आणि गॅरेजवाला ऐकत नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर फोन करा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. बिल नसेल तर तक्रार टिकवणं अवघड जातं.

रस्त्यात बंद पडली तर

इंजिन बंद झालं की स्टिअरिंग जड होतं आणि एक-दोन दाबांनंतर ब्रेकही कडक होतो. ब्रेक पुन्हा पुन्हा मारू नका, एकदाच जोरात दाबून धरा. गाडी थांबेपर्यंत चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. चारही इंडिकेटर लावून गाडी डाव्या बाजूला घ्या, लहान मुलांना रस्त्यापासून लांब उभं करा, मागे काही अंतरावर त्रिकोण ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि इतरत्र ११२ लावा.

दोष सापडेपर्यंत या गाडीने रात्रीचा किंवा घाटाचा प्रवास टाळा. घरात आजारी माणूस किंवा बाळंतीण असेल तर दवाखान्यासाठी तिच्या भरवशावर राहू नका. १०८ नंबर आणि गावातल्या दुसऱ्या गाडीवाल्याचा नंबर आधीच जवळ ठेवा.