ठळक अक्षराची मजुरी

अक्षराला आवाज असतो, हे गिरणीच्या फाटकावर पत्रके वाटणाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही. चालत्या कामगाराची नजर धरावयाची तर मथळा ठळक हवा. तो पुढे झुकलेला असला तर चाल करून आल्यासारखा वाटतो. हा आवाज आपल्या लिपीला कसा मिळाला, हे आज आपण पाहू.

तिरपे छापील अक्षर १५०१ साली व्हेनिसमध्ये आल्डस मनुशियसच्या छोटेखानी पुस्तकात प्रथम सबंध मजकुरासाठी आले. ते ग्रिफो या कारागिराने कोरले होते. जाड अक्षर तीनशे वर्षांनंतरचे. यंत्रयुगाचा माल खपविण्यासाठी, भिंतीवरच्या जाहिरातींसाठी, ते लंडनमध्ये जन्मले. पुढे व्यापाराने दोघांची सांगड घातली.

आपल्याकडे धावती लिपी मोडी. पण छापखान्यांनी मुख्यतः उचलली ती ताठ उभी बाळबोध. मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये पोरवयात टाइप घासणाऱ्या जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी सुबक ठसे कोरले. रोमन लिपीला अक्षरे सव्वीस. बाळबोधीला काना, मात्रा, जोडाक्षरे धरून शेकडो खिळे लागत. प्रत्येक नव्या वळणासाठी तितके ठसे पुन्हा पोलादात कोरावयाचे! शिवाय अक्षर जाड केले की ‘क्ष’, ‘ष्ट’ यांची पोटे शाईने भरतात. तिरपे केले की खिळ्याबाहेर लोंबणारे रफार आणि वेलांट्या मोडतात. म्हणून भारदस्त मथळे बहुधा चित्रकाराच्या कुंचल्यातून उतरत व त्यांचा जस्ताचा ब्लॉक होई. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी कितीतरी नाटकांची नावे अशीच हाताने घडविली.

ब्लॉकला पैसा लागे, म्हणून मोठा आवाज पैसेवाल्याचा. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. त्याच दिवशी पुण्यात कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ काढले. १८८० पासून ते नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत चालवून गिरणी कामगाराची बाजू मांडली. कापडाच्या ताग्यावर गिरणीचा छाप झळके. विणणाऱ्याचे नाव कोठेच नसे. त्याने आपला मथळा भिंतीवर चुना मारून गेरूने लिहिला. आम्हीही तसे पुष्कळ लिहिले. अक्षरे वाकडी असतील, पण ती लांबून वाचता येत.

आता संगणकाची एक कळ दाबली की अक्षर जाड होते, दुसरी दाबली की कलते. मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडविलेले ‘बलू’सारखे दणकट अक्षर कोणालाही फुकट वापरता येते. हे आम्ही चांगलेच मानतो. गरिबाचे पत्रकही आता रुबाबात निघते. मात्र या वाटेवर खिळेजुळाऱ्यांचा धंदा बुडाला. उभे आयुष्य शिशाच्या धुळीत उभे राहून ज्यांनी इतरांची नावे मोठ्या अक्षरांत जुळविली, त्यांची स्वतःची नावे बारीक टाइपातही उरली नाहीत. ठळक अक्षराचा इतिहास लिहावयाचा तर आरंभ त्यांच्यापासून झाला पाहिजे.