शिकलेल्याने शिकवायचे : ग्लेनाँ बेटांवरची नौकाशाळा

८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळजवळ पुरातून गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसे बुडाली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त लोक बसले होते, असे त्या वेळी सांगितले गेले. त्या महापुरानंतर कृष्णा-पंचगंगेच्या काठी एकच मागणी ऐकू येऊ लागली : गावाला बोट हवी. ती चालवणार कोण आणि चालवणाऱ्याला शिकवणार कोण, याची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली.

मी ज्या गिर्यारोहण मंडळात काम करते, तिथे मात्र हा प्रश्न निघाला. प्रस्तरारोहणाची शिबिरे आपल्याकडची मंडळे वर्षानुवर्षे पगारी शिक्षकांशिवाय घेत आली आहेत. दोर कसा बांधायचा, साथीदाराला कसे सांभाळायचे, हे कालचा शिबिरार्थी आजच्या शिबिरार्थ्याला शिकवतो. पाण्यावर हे जमेल का? जगात कुणी ते करून पाहिले आहे का? या शोधात मी फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या काही चिमुकल्या बेटांपर्यंत पोचले. प्रस्तुत लेख त्या बेटांवरच्या शाळेविषयी आहे.

आधीच्या दोन वाटा

हौशी माणसांना नौकानयन शिकवण्याचे संघटित प्रयत्न त्याआधीही झाले होते. त्यांतला एक अमेरिकेतला. २ फेब्रुवारी १९१४ रोजी बॉस्टनमध्ये रॉजर अप्टन यांच्या पुढाकाराने ‘युनायटेड स्टेट्स पॉवर स्क्वाड्रन्स’ ही संस्था उभी राहिली. मोटारबोटी बाळगणाऱ्या हौशी लोकांची संख्या वाढत होती आणि बहुतेकांना पाण्यावरचे नियम ठाऊक नव्हते. जाणत्या सभासदांनी बाकीच्यांना विनामोबदला शिकवायचे, असा या संस्थेचा बेत होता. १९१७ साली नौदलाचे सहायक सचिव असलेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सांगण्यावरून चार्ल्स चॅपमन यांनी लहान बोटी हाताळण्यावर जे पुस्तक तयार केले, ते पुढे या विषयातले प्रमाण पुस्तक ठरले. या वाटेचा भर मुख्यतः वर्गावर होता. फळा, नकाशा, होकायंत्र आणि शेवटी परीक्षा. बोट सभासदाची स्वतःची असणार, हे त्यात गृहीतच होते.

दुसरी वाट वेल्समधली. १९४१ साली, युद्ध ऐन भरात असताना, कुर्ट हान हे शिक्षणतज्ज्ञ आणि जहाजकंपनीचे मालक लॉरेन्स होल्ट यांनी अॅबरडोव्ही इथे ‘आउटवर्ड बाउंड’ची पहिली शाळा काढली. बुडालेल्या जहाजांवरच्या तरुण खलाशांना जीवनरक्षक होडीत तगून राहण्याइतके मनोबळ यावे, हा त्यामागचा एक हेतू होता. इथे शिक्षण प्रत्यक्ष पाण्यावर आणि डोंगरावर होई. पण शिक्षक नेमलेले असत. विद्यार्थी महिनाभर राहून आपल्या कामावर परत जात.

पहिल्या वाटेवर स्वयंसेवक होते, पण पाणी कमी होते. दुसऱ्या वाटेवर पाणी होते, पण ते शिकवणारा स्वयंसेवक नव्हता. या दोन गोष्टी एकत्र आल्या ग्लेनाँमध्ये.

छापखान्यातून बेटावर

ब्रिटनीच्या दक्षिण किनाऱ्यापासून सुमारे १८ किलोमीटर आत समुद्रात ग्लेनाँ हा बेटांचा पुंजका आहे. साँ-निकोला, पाँफ्रे, द्रेनेक ही त्यांतली काही नावे. सिगोन्य नावाच्या बेटावर अठराव्या शतकातला एक किल्ला आहे. बेटे सखल आहेत. गोडे पाणी दुर्मीळ आहे आणि झाडी जवळजवळ नाही. बेटांच्या मधोमध मात्र उथळ, नितळ पाणी आहे. बाहेर समुद्र खवळलेला असला तरी इथे तो बराच निवलेला असतो. नवशिक्याला याहून चांगला तलाव मिळणे कठीण.

१९४७ साली इथे आलेले फिलिप व्हियाने आणि एलेन व्हियाने हे दांपत्य दर्यावर्दी नव्हते. दोघेही पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठात भेटले होते. एलेनचे आईवडील रशियातून आलेले. जर्मनांनी फ्रान्स व्यापल्यावर या दोघांनी रोबेर साल्मों यांच्यासह ‘देफाँस द ला फ्राँस’ हे भूमिगत वृत्तपत्र काढले. पहिला अंक १९४१ च्या ऑगस्टमध्ये निघाला. काही काळ त्याची छपाई सोर्बोनच्या तळघरात चाले. १९४४ च्या जानेवारीत त्याच्या एका अंकाच्या सुमारे साडेचार लाख प्रती निघाल्या. याची किंमतही मोजावी लागली. २० जुलै १९४३ रोजी पॅरिसच्या बोनापार्त रस्त्यावरच्या एका पुस्तकाच्या दुकानात सापळा लागला आणि अनेक कार्यकर्ते पकडले गेले. त्यांत जनरल द गॉल यांची पुतणी जेनव्हिएव्ह होती. तिची रवानगी पुढे राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत झाली.

हा तपशील नौकानयनाच्या इतिहासात अवांतर वाटेल, पण माझ्या मते शाळेचे मूळ इथेच आहे. भूमिगत वृत्तपत्र चालले ते विशी-पंचविशीतल्या, पगार न घेणाऱ्या पोरापोरींवर. कालपर्यंत वर्गात बसणाऱ्या मुलीच्या हाती आज गठ्ठे पोचवण्याची जबाबदारी असे, आणि तिच्या एका चुकीवर इतरांचे प्राण अवलंबून असत. नवख्या माणसावर एवढी जोखीम टाकता येते, आणि तो ती पेलतो, हे व्हियाने दांपत्याने युद्धात पाहिले होते.

युद्ध संपल्यावर या पिढीपुढे प्रश्न उभा राहिला : आता काय? काही जण छावण्यांतून परतले होते, अनेकांचे शिक्षण मोडले होते. अशा तरुणांना विसावा मिळावा आणि एकत्र राहण्याची संधी मिळावी, म्हणून ग्लेनाँची निवड झाली. सुरुवातीला राहणी तंबूंतली आणि पडक्या इमारतींतली होती. स्वयंपाक, झाडलोट, पाणी भरणे ही कामे सगळ्यांनी पाळीपाळीने करायची. मुले आणि मुली एकत्र असत. बेटावर होडीवाचून हलता येत नाही, म्हणून होडी चालवायला शिकणे आलेच. हळूहळू हे शिकणे हाच केंद्राचा मुख्य उद्योग झाला.

दोन सायकलींच्या किमतीची होडी

फ्रान्समध्ये १९३६ साली कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली होती. सुटी आली तरी शिडाची होडी श्रीमंतांच्याच मालकीची राहिली. स्वयंसेवक शिक्षक फुकट मिळाला, तरी होडी परवडली नाही तर तो शिकवणार कशावर?

फिलिप व्हियाने यांनी झाँ-झाक एर्ब्युलो या वास्तुविशारदाकडे मागणी केली, ती स्वस्त, सोप्या आणि मार खाऊ शकणाऱ्या होडीची. युद्धकाळात पाण्यात न सुटणाऱ्या सरसाचे तंत्र पुढे गेले होते आणि त्यामुळे प्लायवूडच्या होड्या बांधणे सोपे झाले होते. एर्ब्युलो यांनी प्लायवूडच्या सपाट फळ्यांतून ४.०८ मीटर लांबीची, दोन जणांची होडी आखली. तिची किंमत दोन सायकलींहून जास्त नसावी, अशी अट होती, असे सांगतात. १९५२ साली पॅरिसच्या नौकाप्रदर्शनात ती लोकांसमोर आली. तिचे नाव ‘व्होरियाँ’, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘टवाळ पोर’ म्हणतात तसे. पुढे अशा तीस हजारांहून जास्त होड्या बांधल्या गेल्या. १९५३ साली एर्ब्युलो यांनीच केंद्रासाठी ‘काराव्हेल’ ही जरा मोठी, जास्त माणसे घेणारी होडी केली.

होडी दोघांची असण्याला शिक्षणाच्या दृष्टीने महत्त्व आहे. एकाच्या हाती सुकाणू आणि मोठ्या शिडाचा दोर, दुसऱ्याच्या हाती पुढचे लहान शीड. प्रवासी म्हणून बसायला जागाच नाही. वाऱ्याच्या तोंडावर होडी सरळ जात नाही, तिला नागमोडी न्यावे लागते. दर वळणाला दोघांनी एकाच क्षणी जागा बदलायची असते. जरा उशीर झाला की होडी कलंडते. मग तळातून खाली सोडलेल्या फळीवर उभे राहून, वजन टाकून तिला सरळ करायचे. फळ्यावर याची आकृती काढता येते, पण अंगात ते मुरते ते दहादा भिजल्यावरच. होडी हलकी आणि स्वस्त असल्यामुळे नवशिक्याला तिथे चुकण्याची मुभा होती.

शिक्षक कुठून आणायचे?

ग्लेनाँची खरी निर्मिती होडी नसून शिक्षकांची साखळी होती, असे मला वाटते. इथे शिकवणारा मोबदला घेत नाही. तो आपल्या सुटीतले आठवडे देतो. आणि तो बाहेरून येत नाही. एका उन्हाळ्यात शिकायला आलेला विद्यार्थी पुढच्या उन्हाळ्यांत अधिक शिकतो, मग जाणत्याच्या हाताखाली मदतनीस होतो, शिकवावे कसे याचे वेगळे शिक्षण घेतो आणि स्वतः गट हाती घेतो. होडी चालवता येणे आणि शिकवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यात मान्य केलेले आहे. पट्टीच्या खलाशाला अनेकदा नवशिक्याच्या हातून सुकाणू काढून घेण्याचा मोह आवरत नाही. कालच शिकलेल्याला मात्र आपण कुठे अडखळलो होतो ते आठवत असते.

अशा व्यवस्थेत एक धोका असतो. दर पिढीत थोडे विसरले जाते, थोडे चुकीचे पुढे जाते. त्यावर उपाय म्हणून केंद्राने आपले शिकवणे लिहून काढले. १९६१ साली ‘कूर द नाव्हिगास्यों दे ग्लेनाँ’ हा ग्रंथ निघाला. होडीचे भाग, शीड, हवामान, भरती-ओहोटी, नकाशावाचन आणि सुरक्षितता हे सगळे त्यात आले. त्याच्या नव्या आवृत्त्या निघत राहिल्या, इंग्रजीत भाषांतरही झाले. बॉस्टनच्या संस्थेचा भर मुख्यतः वर्गावर होता. ग्लेनाँने आधी चौदा वर्षे पाण्यावर शिकवले आणि मग पुस्तक केले.

फिलिप पत्रकारिता आणि राजकारण या क्षेत्रांत वावरत राहिले. केंद्राचा रोजचा गाडा १९७०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत प्रामुख्याने एलेन यांनी ओढला. बेटांवर रसद पोचवणे, होड्यांची डागडुजी, स्वयंसेवकांच्या पाळ्या, पालकांच्या शंका हे काम दिसत नाही, पण ते थांबले की शाळा थांबते. फिलिप १९८६ साली वारले, एलेन २००६ साली. शाळेची केंद्रे आज पँपोल, आर्झ बेट अशा इतर ठिकाणीही आहेत आणि ती युरोपातल्या सर्वांत मोठ्या नौकाशाळांत गणली जाते.

आपल्यासाठी काय?

ही पद्धत सहज दुसरीकडे लावता येते, असे मात्र नाही. १९६९ साली आयर्लंडमध्ये बाल्टिमोर इथे याच धर्तीवर केंद्र निघाले. ते काही दशके चांगले चालले आणि मग बंद पडले. स्वयंसेवकांची साखळी अखंड ठेवावी लागते. ती आपोआप टिकत नाही.

शिवाय ग्लेनाँचा अभ्यासक्रम कृष्णेच्या पुरात उपयोगाचा नाही. तिथे शीड नसते. हवा भरलेली रबरी बोट आणि मागे लावलेले इंजिन असते. पाण्याखाली कुंपणे, विजेच्या तारा, झाडांचे शेंडे असतात. आठवडाभर शिकलेल्याने त्यात उतरणे म्हणजे बुडणाऱ्यांत एकाची भर घालणे होय. शांत पाण्यावर मिळालेले ज्ञान कुठे संपते, हे शिकवणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

उपयोगाची आहे ती रचना. आपल्याकडे तिचे बीज नाही असेही नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ पासून चालत आला आहे. तिथली रेगाटा विद्यार्थीच उभी करतात, आणि वरच्या वर्गातली मुले खालच्यांना वल्हे धरायला शिकवतात. दर चार वर्षांनी सगळी मुले बदलतात, तरी विद्या टिकून राहते.

आमच्या मंडळात यावर चर्चा झाली, तेव्हा पहिल्या यादीत बोटी, जॅकेटे, इंजिन आणि देणगीदार होते. आता त्या यादीच्या वर दोन ओळी आल्या आहेत. पहिल्या वर्षी शिकणाऱ्या बारा जणांपैकी तिसऱ्या वर्षी शिकवायला कोण थांबणार? आणि त्यांना शिकवायला कोण शिकवणार? पहिली बोट घेण्याआधी या दोन ओळींपुढे नावे लिहायची, असे ठरले आहे. सध्या तिथे पाच नावे आहेत.