पुसण्याआधी वाचा : जुनी स्पोर्ट्स कार आणि पुराव्याचा प्रश्न

'प्राथमिक साधन म्हणजे काय?' असं मुलाखतीत विचारलं की आपण पटकन सांगतो : दफ्तरातले कागद, पत्रं, शिलालेख, नाणी. उत्तर बरोबरच आहे. पण मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून तंत्रज्ञानाच्या इतिहासाकडे वळलो, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. साधन कुठलं, यापेक्षा साधनाला हात कसा लावायचा, हा प्रश्न अवघड आहे. त्यासाठी आज तुम्हाला जरा वेगळ्या दफ्तरखान्यात नेतो. अमेरिकेतल्या घरगुती गॅरेजांमध्ये, जिथे माणसं जुन्या स्पोर्ट्स कारखाली उताणी पडून टूथब्रशने एकेक नटबोल्ट घासत असतात.

आपण दसऱ्याला गाडी धुतो, हार घालतो आणि मोकळे होतो. ही मंडळी एकाच गाडीवर वर्षानुवर्षं घालवतात. त्यांना वेडं म्हणणं सोपं आहे, पण त्यांच्याकडून संशोधनपद्धतीबद्दल बरंच शिकण्यासारखं आहे.

कॉर्व्हेट आणि 'कारखान्यातून निघाली तशी'

शेव्हरोले कंपनीने १९५३ मध्ये कॉर्व्हेट ही स्पोर्ट्स कार आणली. पुढे १९८१ पर्यंत ती सेंट लुईसच्या कारखान्यात तयार होत असे. तिची बॉडी फायबरग्लासची, त्यामुळे बाहेरून गंज दिसत नाही. खालची चेसिस मात्र लोखंडी. वरून चकाचक गाडी आतून खाल्ली गेलेली असू शकते.

१९७० च्या दशकात पहिल्या गाड्या वीस वर्षांच्या झाल्या आणि मालकांना त्या पुन्हा नव्यासारख्या करायचे वेध लागले. १९७४ मध्ये 'नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी' स्थापन झाली. तिचा निकष लक्षात घ्या : गाडी सुंदर दिसणं पुरेसं नाही, ती कारखान्यातून जशी निघाली तशीच दिसली पाहिजे. बोल्टच्या डोक्यावरची खूण वेगळी असेल तर गुण कापले जातात. कारखान्यात रंग जरा खडबडीत बसत असेल आणि तुम्ही तो आरशासारखा केला, तरीही कापले जातात.

पण कारखान्यातून गाडी नेमकी कशी निघायची, हे कळणार कुठून? कामगार रोज काय करतात, याची बारीकसारीक नोंद कुठलीच कंपनी ठेवत नाही. ती माहिती उरली होती फक्त गाड्यांवर, आणि तीही मळाच्या थराखाली.

मळाखाली काय सापडतं

चेसिसवरचं काळं ग्रीस हळूहळू उतरवलं की खाली कामगारांनी खडूने आणि मेणाच्या क्रेयॉनने केलेल्या खुणा दिसतात. हा भाग तपासला, तो बोल्ट आवळला, अशा. तेलाच्या थरामुळे पाणी आणि ऑक्सिजन लोखंडापर्यंत पोचलेला नसतो, म्हणून खालची खूण टिकते. म्हणजे ज्याला आपण घाण म्हणतो, तिनेच पुरावा जपलेला असतो.

१९६७ पासूनच्या गाड्यांत आणखी एक खजिना असतो. त्या गाडीला कोणतं इंजिन, कोणता रंग, कोणत्या जादा सोयी, याचा कागद कामगार पेट्रोलच्या टाकीच्या वरच्या बाजूला चिकटवत. टाकी खाली उतरवल्याशिवाय तो नीट वाचता येत नाही. अनेक मालक केवळ या कागदासाठी टाकी उतरवतात. आतला कागद कधी अख्खा असतो, कधी कुरतडलेला, कधी नुसताच गोंदाचा डाग.

आता इथे थोडं रसायनशास्त्र. सेंट लुईसच्या गाड्यांवर बराच काळ ॲक्रिलिक लॅकर हा रंग असे. हा रंग वाळतो तो निव्वळ त्यातला द्रावक उडून गेल्यामुळे. त्याच्या रेणूंमध्ये एकमेकांना बांधणारे नवे बंध तयार होत नाहीत. त्यामुळे तीस वर्षांनीही थिनर लागला की तो पुन्हा विरघळतो. ग्रीस काढायला सौम्य द्रावक पुरतो. घाईने थिनरचा बोळा फिरवला तर ग्रीस निघतं, सोबत मेणाची खूण निघते आणि रंगही निघतो. चिंधी स्वच्छ धुता येईल, पण तिच्यावर आलेली माहिती परत गाडीवर जात नाही.

म्हणजे बघा, साफसफाई हीच वाचण्याची एकमेव वाट आहे, आणि तीच पान फाडण्याचीही वाट आहे. पुरातत्त्वाच्या उत्खननात हेच होतं. वरचा थर काढल्याशिवाय खालचा दिसत नाही आणि काढलेला थर परत रचता येत नाही.

खुणा पुन्हा काढल्या की

खुणांना महत्त्व आहे हे कळल्यावर लोकांनी काय केलं असेल? गाडी पूर्ण घासून, रंगवून झाल्यावर त्याच खुणा नव्या क्रेयॉनने काढायला सुरुवात केली. हेतू वाईट नव्हता. पण कुणीही काढू शकेल अशी खूण हळूहळू पुरावा राहत नाही, सजावट होते.

इंजिनच्या बाबतीत प्रकरण जास्त गंभीर आहे. इंजिनच्या ब्लॉकवर एका सपाट जागी क्रमांक ठोकलेला असतो. तो गाडीच्या क्रमांकाशी जुळला तर गाडीची किंमत खूप वाढते, म्हणून खोटे क्रमांक ठोकणारेही निपजले. त्यांना पकडायची एक युक्ती अशी : कारखान्यात ती जागा ब्रोचिंग मशीनने सपाट केली जाई आणि त्यामुळे तिथे बारीक समांतर रेघा उमटत. जुना आकडा घासून काढला की या रेघाही जातात. तेव्हा जाणकार आधी आकडा वाचत नाहीत, आकड्याखालच्या रेघा बघतात.

पण थांबा. इंजिन दुरुस्त करताना प्रामाणिक मेकॅनिकही ब्लॉकचा पृष्ठभाग नव्याने सपाट करतो. त्यातही रेघा जातात. मग एखादी अस्सल गाडी आणि एखादी बनावट गाडी कागदाविना अगदी सारखीच दिसते. पुरावा नष्ट व्हायला लबाडी लागतेच असं नाही, चांगलं काम पुरतं. संशोधनात हे वाक्य मला वारंवार आठवतं.

बदल हाही इतिहासच

मग काहीच बदलू नये का? १९९० मध्ये 'ब्लूमिंग्टन गोल्ड' या कॉर्व्हेट मेळाव्याने जवळपास तीच बाजू घेतली आणि न रंगवलेल्या, न उलगडलेल्या गाड्यांसाठी 'सर्व्हायव्हर' हा वेगळा सन्मान सुरू केला. गाडी पुन्हा पुन्हा नवी करता येते, 'ओरिजिनल' मात्र ती एकदाच असते, हा त्यामागचा विचार.

योगायोग असा की त्याच १९९० मध्ये इंग्लंडच्या न्यायालयात उलट दिशेने जाणारा निकाल लागला. 'ओल्ड नंबर वन' ही बेंटले गाडी १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षं ल मॉंची शर्यत जिंकलेली. पुढे तिचं इंजिन बदललं, चेसिस बदलली, बॉडी बदलली. एक कोटी पौंडांना विकायचा करार झाला आणि खरेदीदार म्हणाला, ही ती गाडीच नव्हे. तज्ज्ञांच्या मते १९३० च्या गाडीतलं गिअरबॉक्सचं आवरण, स्टीअरिंग कॉलम असं जेमतेम काही उरलं होतं. तरीही न्यायमूर्ती ऑटन यांनी ती अस्सल 'ओल्ड नंबर वन' मानली. कारण ती कधी नाहीशी होऊन पुन्हा घडवली गेली नव्हती. एकामागून एक बदल होत गेले आणि तिची कहाणी सलग राहिली.

सलगता सिद्ध करायला मात्र नोंदी लागतात. इथे न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचे आयर्व्ह गॉर्डन आठवतात. पेशाने विज्ञानशिक्षक. १९६६ मध्ये त्यांनी व्होल्व्हो पी १८००एस ही लाल स्पोर्ट्स कार घेतली. घर ते शाळा आणि परत, रोजचा प्रवास सुमारे १२५ मैल. १९८७ मध्ये दहा लाख मैल झाले, २००२ मध्ये वीस लाख, आणि २०१३ मध्ये अलास्कात तीस लाख, म्हणजे ४८ लाख किलोमीटरच्या वर. इंजिन ६ लाख ८० हजार मैलांवर उघडून नव्याने बांधलेलं. त्या काळातल्या अनेक गाड्यांचं ओडोमीटर पाच आकडी असे, ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. म्हणजे नुसत्या काट्यावर विसंबून एवढ्या मैलांचा दावा कोण मानेल? गाडी वेळच्या वेळी सर्व्हिस करायची आणि त्याची नोंद ठेवायची, हीच अशा दाव्याची खरी साक्ष.

तुमच्या कामासाठी

जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेने, फिव्हाने, २०१२ मध्ये मंजूर केलेली ट्यूरिन सनद हेच सांगते. जुन्या वास्तूंसाठीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेवरून ती बेतलेली आहे. कमीत कमी हस्तक्षेप करा, केलेल्या प्रत्येक कामाची नोंद ठेवा, बदललेला भाग ओळखू येईल अशी खूण करा.

आता 'गाडी' काढून तिथे 'डेटा' ठेवा. आपणही 'डेटा क्लीन केला' असं सहज म्हणतो. विचित्र वाटणारं रीडिंग काढतो, रिकाम्या जागा भरतो, आलेख सुबक करतो. त्यात गैर काही नाही, पण मूळ फाइल हात न लावता वेगळी ठेवा. काय काढलं आणि का काढलं, ते त्याच दिवशी लिहा. शंका असेल तिथे सौम्य उपाय आधी. आणि जे रीडिंग 'घाण' वाटतंय, त्याने काही जपून तर ठेवलेलं नाही ना, हे एकदा तपासा.

सराव म्हणून एक करून बघा. घरातली एखादी जुनी वस्तू घ्या : आजीचं शिलाई मशीन, बाबांची स्कूटर, माळ्यावरचा रेडिओ. फडकं लावण्याआधी फोटो काढा आणि दिसणाऱ्या प्रत्येक खुणेचं, डागाचं, बदललेल्या स्क्रूचं एक पानभर वर्णन लिहा. मग ती वस्तू वापरलेल्या माणसाला विचारा की हे कधी आणि कसं झालं. नंतर खुशाल पुसा.